चहूबाजूंचं चित्र कोणाच्या मालकीचं?

'पॅनोरमा' हा शब्द कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरा शहराचं गोलाकार चित्र काढलं आणि १७८७ मध्ये त्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. तिकीट काढायचं, मधल्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि मान फिरवत सगळं शहर बघायचं. म्हणजे पाहणाऱ्याचे पैसे आणि दाखवणाऱ्याचं पेटंट, दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून आहेत.

कॉम्प्युटरवर हाच खेळ १९९५ मध्ये ॲपलने क्विकटाइम व्हीआर आणून सुरू केला. माऊस ओढला की फोटो भोवती फिरायचा. लोक चाट पडले. पण फोटो जोडायचं काम किचकट, आणि साधनं महाग.

इथे आले हेल्मुट डेर्श, जर्मनीतल्या फुर्टवांगेनचे प्राध्यापक. १९९८ मध्ये त्यांनी 'पॅनोरमा टूल्स' हे सॉफ्टवेअर फुकट वाटलं. झालं! आयपिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने फिशआय लेन्सच्या फोटोंवर आपलं पेटंट असल्याचं सांगत त्यांच्यामागे वकील लावले. काही वर्षांत डेर्श यांनी काम थांबवलं. पण सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून इतरांनी तो पुढे नेला. आजचं 'हगिन' हे मोफत सॉफ्टवेअर त्याच पायावर उभं आहे. आणि आयपिक्स? २००६ मध्ये तिचं दिवाळं निघालं.

दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या फोटोसिंथची. २००८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पुढच्याच वर्षी ओबामांच्या शपथविधीला सीएनएनने प्रेक्षकांचे फोटो मागवून, फोटोसिंथ वापरून त्या क्षणाचं एकत्र दृश्य उभं केलं. जगभरच्या लोकांनी आपापली गावं, देवळं, डोंगर तिथे चढवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केलं. ज्यांनी आधी सूचना वाचून आपला माल उतरवून घेतला त्यांचं वाचलं. बाकीच्यांचं गेलं.

आता आपल्याकडे या. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूला २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून नकार दिला होता. २०२१ मध्ये नकाशांचे नियम सैल झाले आणि २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या भागीदारीत ते परत आलं. सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक आणि अहमदनगरही होतं. चांगलंच झालं. पण मंडळी, रस्ता आपला असला तरी त्याचं चित्र कंपनीच्या कपाटात आहे. कपाट कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, ते कंपनी ठरवणार.

मी तालुक्याच्या गावात बातमीदारी करतो. रुंदीकरणात पेठ पडली की लोक विचारतात, जुने फोटो आहेत का? असतात, पण उद्घाटनाचे! फीत कापणारे हात दिसतात, मागची पेठ दिसत नाही. पालिकेच्या फाइलीत नकाशा असतो, ओटे आणि पाट्या नसतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. चहूबाजूंचा पूर्ण फोटो म्हणजे शेवटी एक साधी जेपेग फाइल असते, भिंतीवरच्या जगाच्या नकाशासारखी पसरलेली, उंचीच्या दुप्पट रुंद. ती कोणत्याही एका कंपनीच्या कुलपात ठेवायची गरज नसते. बांधकाम पाडण्याच्या ठरावातच एक ओळ घालता येईल: आधी चौकाचौकातून असे फोटो काढावेत आणि मूळ फाइली पालिकेत व सार्वजनिक वाचनालयात ठेवाव्यात. फेसबुक-गूगलवर टाका, जरूर टाका, पण ती प्रत समजा, मूळ नव्हे.

तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढं एकच विचारा: पुढचा जेसीबी येण्याआधी फोटो काढणार का, आणि मूळ फाइल कोणाकडे राहणार?