कर्क्सव्हिल आणि ऑस्टिओपॅथीचा उगम
अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, 1864 मध्ये, कॅन्ससमधील डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या घरातील तीन मुले मेंदूज्वराने दगावली आणि पारा, अफू व मद्य यांवर विसंबलेल्या तत्कालीन औषधोपचारांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीररचनेच्या दीर्घ अभ्यासानंतर 1874 मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की हाडे व सांधे, विशेषतः पाठीचा कणा, यांची ठेवण बिघडली म्हणजे रक्ताभिसरणात अडथळा येतो, वेदना ही त्याचीच खूण असते आणि तो अडथळा हातांनी दूर केल्यास शरीर आपली दुरुस्ती स्वतः करू लागते. या हस्तचिकित्सेला पुढे ऑस्टिओपॅथी हे नाव मिळाले.

गावोगाव हाडवैद्य म्हणून फिरलेल्या स्टिल यांनी 1892 मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या पद्धतीचे पहिले विद्यालय काढले; त्याच्या पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश होता, ही त्या काळी फार मोलाची गोष्ट होय. सर्व रोगांचे मूळ कण्यात शोधणारा त्यांचा दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही, हे स्पष्टपणे सांगायलाच हवे. मात्र दुखणाऱ्या शरीराची स्पर्शाने, सावकाश तपासणी करण्याचा त्यांचा आग्रह आदरास पात्र आहे आणि कंबरदुखीत या उपचाराचा काही उपयोग आजही मान्य केला जातो.

पुढे दोन शाखा झाल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ औषधे व शस्त्रक्रिया स्वीकारून पूर्ण डॉक्टर बनले, तर स्टिल यांचे शिष्य जॉन मार्टिन लिटिलजॉन यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या विद्यालयाच्या परंपरेत हस्तचिकित्साच मुख्य राहिली आणि ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने तिला नियमनाची चौकट मिळाली.