आराखडा, साचा आणि संहिता
कुंडल परिसरातील यंत्रविद्येच्या संदर्भात मुक्तस्रोत यंत्रनियंत्रणाचा विचार

१

कुंडल ह्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात सामान्यतः प्रतिसरकारच्या चळवळीच्या संदर्भात घेतले जाते, आणि ते यथार्थच आहे. तथापि त्या चळवळीपूर्वी सुमारे तीन दशके ह्याच गावाजवळ एक निराळी घटना घडली होती. तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल रोड ह्या रेल्वे स्थानकालगतच्या ओसाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगरांचा कारखाना आणला. बेळगावातील जागा सोडावी लागल्यामुळे ते नव्या जागेच्या शोधात होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना जमीन दिली व द्रव्यसाह्यही केले. पुढे ह्या वसाहतीस किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले व स्थानकाचे नावही तेच झाले.

ह्या घटनेचा आर्थिक व सामाजिक अंगांनी पुष्कळ विचार झालेला आहे. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. वस्तूच्या घडणीचे ज्ञान कोणत्या रूपात नोंदले जाते, आणि ती नोंद कोणास वाचता येते, हा तो प्रश्न होय. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे, म्हणजे कारखान्यांच्या बोलीतील ‘सीएनसी’, आता लहान कारखान्यांतही आली आहेत. त्यांना चालविणारी आज्ञावली बहुधा बंदिस्त असते. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत तिला मुक्तस्रोत पर्याय निर्माण झाले आहेत. ह्या पर्यायांचे ऐतिहासिक महत्त्व कशात आहे हे समजण्यास कुंडलच्या माळावरील जुना नांगर उपयोगी पडतो.

२

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याने चित्रकार होण्याची आशा त्यांना सोडावी लागली. ते यांत्रिक रेखनाकडे वळले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे अध्यापन करू लागले. बेळगावात १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी प्रारंभी तो घेण्यास धजत नव्हते. हा नांगर ज्या क्रमाने घडत असे तो क्रम येथे महत्त्वाचा आहे.

प्रथम कागदावर आराखडा. आराखड्यावरून लाकडी नमुना, ज्यास कारागीर ‘पॅटर्न’ म्हणतात. नमुन्यावरून वाळूचा साचा, साच्यात वितळलेले बीड, आणि शेवटी कानशीने वा लेथवर साफसफाई. ह्यांतील लाकडी नमुना ही आराखड्याची केवळ प्रतिकृती नव्हे. बीड थिजताना आक्रसते. हे आकुंचन फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच भरते. यास्तव नमुना मूळ मापाहून तितका मोठा करावा लागतो. नमुना करणारा सुतार आराखड्याच्या भाषेतून धातूच्या भाषेत एक प्रकारचे भाषांतरच करीत असे, आणि हे भाषांतर डोळ्यांना दिसणारे, पट्टीने मोजता येणारे असे होते.

परिणामी घडणीचे ज्ञान प्रत्येक टप्प्यावर वाचनीय राहिले. आराखडा ज्याला समजत नसे त्याला नमुना समजे. नमुना ज्याने पाहिला नसेल त्याच्या हाती प्रत्यक्ष नांगर असे. फाळ मोडला तर गावचा लोहार त्याचा आकार पाहून दुसरा घडवू शके.

३

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन किर्लोस्करवाडीस परतले. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना स्थापन होऊन तेथे लेथ बनू लागले. म्हणजे नांगर करणाऱ्या उद्योगाने एका पिढीत वस्तू घडविणारी यंत्रेच घडविण्यापर्यंत मजल मारली. तथापि ही यंत्रे हाताने चालणारी होती. माप कारागिराच्या नजरेत व चाकावरील आकड्यांत असे.

शंतनुराव ज्या संस्थेत शिकले तेथेच १९५२ साली ह्या व्यवस्थेस छेद देणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. जॉन पार्सन्स ह्या मिशिगनमधील उद्योजकास हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक तपासण्या-घडविण्याची गरज भासली होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या साह्याने हे काम संस्थेच्या प्रयोगशाळेकडे आले आणि भोके पाडलेल्या कागदी फितीवरील संख्या वाचून धातू कापणारे मिलिंग यंत्र सिद्ध झाले. पुढे आज्ञा लिहिण्याचे प्रमाणरूप ठरत गेले. १९७९ च्या सुमाराचे अमेरिकेतील ‘आरएस-२७४-डी’ व १९८२ चे आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ ६९८३’ ही ह्या प्रमाणीकरणाची मुख्य स्थाने होत. कारखान्यात ह्या लिपीस ‘जी-कोड’ म्हणतात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही लिपी लक्षणीय आहे. तिच्यात एक अक्षर व एक संख्या मिळून एक शब्द होतो, आणि शब्दांची एक ओळ म्हणजे एक वाक्य. ‘जी १ एक्स २० एफ १००’ ह्या ओळीचा अर्थ असा की, मिनिटास १०० मिलिमीटर गतीने सरळ रेषेत एक्स अक्षावरील २० ह्या स्थानी जावे. पुढील ओळीत केवळ ‘वाय १५’ एवढेच लिहिले तरी चालते. सरळ रेषेत जाण्याची आज्ञा व गती मागील ओळीतून चालत येतात. पाणिनीय व्याकरणात पूर्वसूत्रातील पद पुढील सूत्रांत चालू राहते, त्यास अनुवृत्ती म्हणतात. जी-कोडमधील ही रीत अनुवृत्तीच होय, आणि ती कोठे संपते हे ठाऊक नसेल तर सूत्राप्रमाणेच आज्ञेचाही अर्थ चुकतो.

प्रमाणरूप ठरले तरी बोली उरल्याच. वर्तुळखंड कापताना त्याचे केंद्र ‘आय’ व ‘जे’ ह्या अक्षरांनी सांगतात. काही नियंत्रक हे अंतर प्रारंभबिंदूपासून मोजतात, तर काही मूळ बिंदूपासून. काही नियंत्रकांवर ‘एक्स २०’ असे दशांशचिन्हाविना लिहिले तर त्याचा अर्थ २० मिलिमीटर होत नाही. ती संख्या मिलिमीटरच्या सहस्रांशांत वाचली जाते. पेशवाईतील ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका मराठी वाचकास परिचित आहे. येथे एका बिंदूच्या अभावी माप हजार पटींनी बदलते.

अशा प्रसंगी अर्थ ठरविणारा शेवटचा अधिकारी म्हणजे नियंत्रकातील अर्थबोधक आज्ञावली. तिचे नियम पुस्तिकेत सांगितलेले असतात, परंतु ती स्वतः बंदिस्त असते. कारागिराला लिहिता येते. आपण लिहिलेले कसे वाचले जाते ते मात्र पाहता येत नाही. आणखी एक अडचण कालांतराने उद्भवते. यंत्राचा बिडाचा सांगाडा तीस-चाळीस वर्षे टिकतो, परंतु नियंत्रकाचे सुटे भाग मिळेनासे झाले की सुस्थितीतील यंत्रही मुके होऊन कोपऱ्यात पडते. लोहाराच्या हाती असलेला मोडका फाळ आणि लहान कारखानदाराच्या हाती असलेले मुके यंत्र ह्यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

४

ही कोंडी फुटण्यास प्रारंभ झाला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील एका प्रकल्पाने. १९९० नंतरच्या दशकात त्या संस्थेने यंत्रनियंत्रणाची एक आज्ञावली रचली व जनरल मोटर्सच्या कारखान्यात तिची प्रत्यक्ष चाचणी घेतली. शासकीय कार्य असल्याने तिची मूळ संहिता कोणाच्याही स्वामित्वाची नव्हती. २००० साली थॉमस क्रेमर, फ्रेडरिक प्रॉक्टर व एलेना मेसिना ह्यांनी तिच्या अर्थबोधक भागाचे सविस्तर विवरण प्रसिद्ध केले. ह्या विवरणात जी-कोडचे व्याकरण नियमबद्ध केलेले आढळते. कोणत्या आज्ञा एकाच गटातील असल्यामुळे एका ओळीत येऊ शकत नाहीत, कोणत्या आज्ञेची अनुवृत्ती केव्हा थांबते, एका ओळीतील शब्द कसेही लिहिले तरी त्यांची अंमलबजावणी कोणत्या क्रमाने होते, हे सर्व त्यात नमूद आहे. शब्दक्रम मोकळा आणि अर्थक्रम निश्चित, असे हे व्याकरण आहे.

पुढे स्वयंसेवकांनी ही आज्ञावली स्वीकारून लिनक्स प्रणालीवर वाढविली. तीच आज ‘लिनक्स-सीएनसी’ ह्या नावाने परिचित आहे. सामान्य संगणक अनेक कामे एकाच वेळी करीत असल्याने एखाद्या कामास क्षणभर विलंब झाला तरी बिघडत नाही. मोटरीस द्यावयाच्या स्पंदांना मात्र असा विलंब चालत नाही. म्हणून ह्या आज्ञावलीस विशिष्ट वेळेत काम पूर्ण करण्याची हमी देणारे लिनक्सचे रूप लागते. २००९ साली नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरूड ह्यांनी ‘ग्रबल’ ही छोटी आज्ञावली रचली. केवळ ३२ किलोबाइट स्मृतीच्या स्वस्त सूक्ष्मनियंत्रकावर ती चालत असल्याने छोटी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आराखड्याच्या बाजूस ‘फ्रीकॅड’ ही आज्ञावली २००२ पासून उपलब्ध आहे, तिची १.० ही आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली.

ह्या साधनांच्या साखळीकडे पाहता किर्लोस्करवाडीचा जुना क्रम पुन्हा ओळखू येतो. फ्रीकॅडमध्ये वस्तूचा आराखडा होतो. त्याच आज्ञावलीत हत्याराचा मार्ग ठरतो. त्यानंतर ‘पोस्ट-प्रोसेसर’ नावाचा एक भाग त्या मार्गाचे विशिष्ट यंत्राच्या बोलीत भाषांतर करतो. जुन्या काळी नमुना करणाऱ्या सुताराचे जे काम होते, तेच ह्या भागाचे आहे. फ्रीकॅडमधील पोस्ट-प्रोसेसर पायथन भाषेत लिहिलेला, साध्या संहितेच्या रूपात असतो. वर्तुळकेंद्राविषयीचा बोलीभेद आड आला तर ती संहिता उघडून दुरुस्त करता येते.

दुसरे उदाहरण अधिक साधे आहे. स्टेपर मोटरीची एक फेरी २०० पावलांची आणि तिला जोडलेल्या स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा असेल, तर एका मिलिमीटरास ४० पावले लागतात. मोटरीचा चालक पूर्ण पावलांवर ठेवल्यास लिनक्स-सीएनसीच्या मांडणीच्या धारिकेत ४० हा अंक उघडपणे लिहिलेला असतो. स्क्रू बदलून ४ मिलिमीटर आट्याचा बसविला तर तेथे ५० लिहावयाचे. ज्याला त्रैराशिक येते त्याला हे कळते.

५

मुक्त संहितेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. तिच्याबरोबर कोणतीही हमी मिळत नाही. जोडणीत चूक झाली तर हत्यार मोडते आणि प्रसंगी माणसास इजाही होते. मोठ्या उत्पादनाच्या कारखान्यांत बंदिस्त नियंत्रकांचेच प्राबल्य आहे, व त्यामागे सेवेची सोय हे सबळ कारण आहे. त्याहून मूलभूत मर्यादा अशी की, संहिता खुली असणे आणि ती वाचता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ह्या संदर्भात पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी तेथे १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. काम करता करता शिकणे हे त्या संस्थेचे सूत्र होते. २००२ साली तेथे मॅसॅच्युसेट्सच्या उपर्युक्त संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा प्रारंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. कुंडलचा तरुण १९२६ पूर्वी ज्या संस्थेत शिकण्यास गेला, तिचे साधन २००२ साली महाराष्ट्रातील खेड्यात आले, ही गोष्ट ऐतिहासिकदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. तथापि पाबळला ते रुजण्यास भूमी तयार होती. तेथे वीस वर्षे ग्रामीण मुलांना वेल्डिंग, मोजमाप व रेखन मराठीतून शिकविले जात होते.

मराठीचा प्रश्न येथे अटळपणे उपस्थित होतो. भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले, आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु कारखान्यात शब्दांची उणीव नाही. ‘जॉब’, ‘टूल’, ‘फीड’, ‘ऑफसेट’ हे शब्द मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन केव्हाच रूढ झाले आहेत. ‘ऑफसेटमध्ये फरक पडला’ हे वाक्य मराठीच आहे. उणीव आहे ती स्पष्टीकरणपर गद्याची. अनुवृत्ती कोठे थांबते, ४० च्या जागी ५० का लिहावयाचे, दशांशचिन्ह गाळले तर काय होते, हे क्रमाने सांगणारा मराठी परिच्छेद विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच येतो. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने लिनक्स व तत्सम विषयांचे पाठ मराठीत उपलब्ध केले, हा स्तुत्य प्रारंभ होय.

ह्या बाबतीतही कुंडलच्या माळावरील उद्योगाने एक पूर्वोदाहरण घालून दिले आहे. नांगराचा कारखाना स्थिरावल्यावर १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. प्रारंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते; मालाची माहिती व वापरणाऱ्यांशी संवाद हा त्याचा हेतू होता. लोखंडी नांगर शेतकऱ्याने स्वीकारला त्यात नांगराच्या गुणांइतकाच त्याविषयी मराठीत झालेल्या समजावणीचाही वाटा मानावा लागेल.

पलूस तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणारा तरुण आज नियंत्रकापुढे उभा राहतो. बंदिस्त यंत्रापुढे तो कळ दाबणारा राहण्याचा संभव अधिक. मुक्त संहितेने त्याला वाचक व दुरुस्तकर्ता होण्याचा अधिकार दिलेला आहे. परंतु हा अधिकार त्याच्या भाषेतील समजावणीवाचून कागदावरच राहील. ती समजावणी लिहिणे हे एकट्या अभियंत्यांचे काम नाही. ज्या विद्यापीठीय विभागांत मराठी गद्याचा आणि व्याकरणाचा अभ्यास होतो, त्यांच्याही कार्यक्षेत्रात ते येते.