शिरूर-दौंडमध्ये पावसाळ्यात आकाशदर्शन कसं करावं?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्री ओलांडून आलेले ढग इथे कमी बरसतात. पण पाऊस कमी म्हणजे आकाश मोकळं, असं नाही. जून ते सप्टेंबर ढगांचा मुक्काम असतोच. त्यामुळे १२-१३ ऑगस्टच्या सुमाराचा ययाती उल्कावर्षाव बहुतेकदा हुकतो. नवशिक्यांनी १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावावर भर द्यावा. तेव्हा आकाश सहसा निरभ्र असतं.

पावसाळ्यात ढगांमध्ये मध्येच फट पडते. मोठी दुर्बीण जुळवेपर्यंत ती बुजते, म्हणून बायनॉक्युलर हाताशी ठेवावा. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण सिलिका जेलसह कोरडी ठेवावी.

जिल्ह्यातल्याच खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला ढगांची अडचण होत नाही, कारण रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात. डोळ्यांना मात्र ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.