पाल्य सज्ञान झाल्यावर पालकाने काय करायचे?

भडगाव तालुक्यात काम करताना आमच्याकडे हा प्रश्न नेहमी येतो. भाऊ वारला, काकांनी कोर्टातून पुतण्याचे पालकत्व घेतले, आता पुतण्या १८ वर्षांचा झाला. पुढे काय? बहुतेक जण ‘झालो मोकळे’ असे समजतात. तसे नाही.

जुनी मंडळी अजून २१ वर्षे धरून बसतात. कोर्टाने पालक नेमला असेल तर पूर्वी वय २१ होते. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सर्वांनाच १८. त्या दिवशी काकांचा अधिकार संपतो, हिशेबाची जबाबदारी संपत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ४१ नुसार कोर्ट पालकाला पाल्याची मालमत्ता आणि हिशेबाची कागदपत्रे सोपवायला सांगू शकते; पालक मयत असेल तर त्याच्या प्रतिनिधीला. आदेश पाळला नाही तर दंड, आणि तरीही टाळाटाळ केली तर दिवाणी कैद. दंड मात्र १८९० च्याच भावाने: आधी १०० रुपयांपर्यंत, मग रोज १०, कमाल ५००.

सगळे सोपवल्यावर पालकाने कोर्टाकडून दायित्वमुक्तीचा आदेश मागावा. तो मिळाला की पुढे फक्त लबाडी उघड झाली तरच त्याला जबाब द्यावा लागतो. म्हणजे हिशेब देण्यात काकांचेही हित आहे. आपल्याकडे पुतण्याने हिशेब मागितला की ‘आम्ही वाढवलं अन् आम्हालाच विचारतो’ असे ऐकावे लागते. दवाखाना, शाळा, शेताचा खर्च यांच्या पावत्या पहिल्या वर्षापासून वहीत लावल्या, तर हे बोलणे निम्मे कमी होते.

शेत असेल तर सातबारावर ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो, म्हणजे अज्ञानाच्या वतीने पालक. तो आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा लागतो. बँकेत मुलाची स्वतःची सही आणि केवायसी नव्याने होते. अपघात भरपाईची ठेव असेल तर तिची पावतीही त्याच्या हाती द्यावी.

आईच नैसर्गिक पालक असेल तर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागतो. त्यात बौद्धही धरले आहेत. नाव आम्हालाही खटकते. पण कायदा कोणताही असो, अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर मुलगा-मुलगी ती विक्री रद्द करून घेऊ शकतात. त्यासाठी दावा सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. आमच्याकडे लोक येतात ते बहुधा चौथ्या वर्षी.