अनाथ जनुकाचं बारसं

हा आठवडा ऑफिसात एका फंक्शनला नाव काय द्यायचं यावर वाद घालण्यात गेला. शनिवारी चहा घेत वाचत बसलो, तर माणसाच्या जनुकांतही तोच घोळ!

पाठ्यपुस्तकातली गोष्ट सोपी आहे. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटतं आणि जनुकं चालू-बंद करतं. या कामाला तास लागतात. पण १९६७ साली क्लारा सेगो आणि त्यांच्या सहकाऱ्याला वेगळंच दिसलं. उंदरांना इस्ट्रोजेन दिल्यावर गर्भाशयातलं सायक्लिक एएमपी मिनिटाच्या आत वाढलं. इतक्या झटपट नवं प्रथिन बनणं शक्यच नाही. म्हणजे दुसरी वाट असणार. पण केंद्रकाची गोष्ट इतकी चपखल बसली होती, की सेगोबाईंचं म्हणणं बरीच वर्षं बाजूलाच राहिलं.

पुढे १९९० च्या दशकात सातव्या गुणसूत्रावर एक जनुक सापडलं. त्याचं प्रथिन ३७५ अमिनो आम्लांचं, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणारं. याला चिकटतं काय ते माहीत नाही, म्हणून शास्त्रज्ञांच्या भाषेत 'अनाथ'. नाव काय, तर जीपीआर३०. नुसता नंबर! २००० साली फिलार्डो यांच्या गटाने दाखवलं की इस्ट्रोजेनचा झटपट संदेश याच्यामार्फत जातो. २००५ मध्ये दोन गटांनी सांगितलं, इस्ट्रोजेन याला चिकटतं. मग रीतसर बारसं झालं: जीपीईआर. यातला 'ई' इस्ट्रोजेनचा.

हा नुसता नावाचा खेळ नाही, बरं का. स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन देतात ते इस्ट्रोजेनला अडवायला. पण प्रयोगशाळेतल्या पेशींवर तेच औषध या रिसेप्टरला उलट चालू करतं, असं दिसलं. तेव्हा 'ई' खरा की खोटा, हे कळायलाच हवं.

आणि इथेच पंचाईत आहे. काही प्रयोगशाळांना इस्ट्रोजेन चिकटताना दिसलंच नाही. जुना, केंद्रकातला रिसेप्टरही पटलावर सापडला, म्हणजे झटपट कामाला दुसरा दावेदार. २०२४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तर हा रिसेप्टर बायकार्बोनेट ओळखतो असं दाखवलं. साधा खायचा सोडा विरघळल्यावर जे मिळतं, ते!

असो. नावाचा वाद चालू राहील. सेगोबाईंना दिसलेली ती झटपट वाढ मात्र खरीच होती. सोमवारी मी आमच्या फंक्शनला सध्या नुसता नंबरच द्या म्हणणार आहे.