साखरेचे फूल

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘साखरेची फुले’ हा विषय वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. केकवर बसविलेला साखरेचा गुलाब ही विलायती हौस, तिचे उमापूरकरांना काय, असे कोणी विचारले तर ते साहजिकच आहे. परंतु पाडव्याच्या गुढीला बांधलेली गाठी आपण सर्वांनीच पाहिली आहे. लाकडी साच्याच्या खोबणीत दोरा ठेवावयाचा, वरून घट्ट पाक ओतावयाचा आणि निवला की साचा सोडवावयाचा. त्या पदकांवर पुष्कळदा फूलच उमटलेले असते. तेव्हा साखरेचे फूल आपल्या दाराशी कधीचेच आलेले आहे.

मुळात साखरच इकडची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार मोजले आहेत. यांतील शर्करा अरबांच्या तोंडून युरोपात गेली आणि इंग्रजांची ‘शुगर’ झाली. खंडाचे ‘कँडी’ झाले. इ. स. ६४७ च्या सुमारास चीनच्या ताइ-त्सुंग बादशहाने साखर करण्याची विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे पाठविली. पुढे शिष्य गुरूच्या वरचढ झाला असावा, कारण पांढऱ्या साखरेला हिंदी मुलखात ‘चिनी’ हे नाव पडले. खड्याच्या साखरेला ‘मिसरी’ म्हणतात, त्यात मिसर देशाची आठवण आहे.

साखर महाग होती तोवर तिची फुले राजेरजवाड्यांनीच करवून घ्यावी. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्यापुढे मांडलेल्या मेजावर हातरुमालसुद्धा साखरेचे होते. १५८२ साली इस्तंबूलमध्ये सुलतान मुरादच्या मुलाच्या सुंतेच्या उत्सवात साखरेचे प्राणी आणि साखरेच्या बागा मिरवल्या. हे सारे वैभवाचे प्रदर्शन. त्यात मला फारसे नवल वाटत नाही.

नवल आहे ते डिंकाचे. नुसत्या पाकाची पाकळी ठिसूळ काच होते. दळलेल्या साखरेत भिजविलेला डिंक मळला की कणकेसारखा गोळा तयार होतो. तो कागदाइतका पातळ लाटता येतो आणि वाळल्यावर आकार सोडत नाही. युरोपात यासाठी इराणकडचा कतीरा वापरीत. आपल्या डोंगरांत कांडोळ नावाचे पांढऱ्या सालीचे झाड आहे. त्याचा डिंक व्यापारात याच कतीऱ्याच्या जागी चालतो. आज त्याच्या जोडीला सेल्युलोजची पूडही आली आहे. चांगला कारागीर आधी खरे फूल घेतो, त्याची एकेक पाकळी सुटी करून तिचा आकार कापून ठेवतो. मग लाटलेल्या साखरेतून तशाच पाकळ्या कापावयाच्या, गोल टोकाच्या काडीने त्यांची कड पातळ करावयाची, शिरा उमटवावयाच्या, बारीक तारेवर चढवून वाळवावयाच्या आणि शेवटी कोरड्या रंगाची भुकटी कुंच्याने लावावयाची. पावसाळ्यात मात्र हे फूल हवेतला ओलावा ओढून मान टाकते. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना केलेल्या साखरेच्या लेपातून इमारतींच्या प्रतिकृती घडविल्या. मिलानच्या कॅथीड्रलची त्यांची प्रतिकृती २०२२ साली गाजली.

आता आपल्या हलव्याकडे येऊ. येथे डिंक नाही, साचा नाही. आहे तो केवळ हात. पसरट भांडे मंद निखाऱ्यावर ठेवून त्यात भाजलेले तीळ घ्यावयाचे. साखरेच्या पाकात थोडे दूध घालून मळी काढावयाची, गाळून एकतारी पाक करावयाचा, आणि चमचाचमचा पाक तिळांवर सोडीत बोटांनी सतत हलवीत राहावयाचे. पाण्याची वाफ होते, साखर दाण्यावर बसते, पुन्हा पाक, पुन्हा हलवणे. हवा थंड आणि कोरडी असेल तर दाण्याला काटा फुटतो. घाई केली, एकदम पाक ओतला, की दाणे एकमेकांना चिकटले म्हणून समजा. तीळच लागतात असेही नाही. खसखस, साबुदाणा, लवंग, हरभऱ्याची डाळ, मगजबी, कशावरही हलवा चढतो. लंडनच्या सर ह्यू प्लॅट याने १६०२ च्या आपल्या पुस्तकात बडीशेपेसारख्या बियांवर साखर चढविण्याची हीच रीत लिहिली आहे, आणि काटेरी दाणे हवे असतील तर पाक अधिक आटवून उंचावरून ओतावा असे सुचविले आहे. दोन खंडांतल्या माणसांनी एकाच निखाऱ्यावर बोटे भाजून घेतली म्हणावयाची!

पुढे हे दाणे दोऱ्यात बांधून, पुठ्ठ्यावर बसवून फुले होतात. खसखशीचा बारीक हलवा मध्ये, मगजबीचा लांबट दाणा पाकळीला. नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर तनमणी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि केसांत हलव्याचा गजरा; बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. तारेवरच्या गुलाबापेक्षा ही कला मला सरस वाटते, कारण येथे खऱ्या फुलाची नक्कल नाही. साखरेच्या स्फटिकाला स्वतःचा जो काटा फुटतो, त्याचेच भूषण केले आहे. ही करणारी माणसे बहुतेक बायका, आणि त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि तशाच कारखान्यांची रांग लागली. जायकवाडीचे पाणी आल्यावर आपल्या गेवराई तालुक्यातही ऊस वाढला, गढीला कारखाना झाला. तरी बीड जिल्ह्यातील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात, ती थेट उन्हाळ्यात परततात. नवराबायको दोघांची मिळून उचल ठरते आणि त्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. बाईच्या मजुरीचा आकडा वेगळा लिहीत नाहीत.

हलव्याला काटा फुटतो तो पौषाच्या थंडीत, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो तोही त्याच दिवसांत. म्हणून मकर संक्रांतीला जिल्ह्याच्या गावोगावी बोरन्हाणे चालतात, तेव्हा ऊस तोडणाऱ्या घरांना कुलूप असते. आणि त्या घरांतली पहिल्या संक्रांतीची बाळे परगावच्या फडात, कोपीच्या दाराशी, पाचटावर निजलेली असतात.