मिरी नव्हे, गुलबक्षीचं बी! संध्याकाळी दरवळणारं हे झाड घरी कसं लावाल?

रातराणी बहुतेक जण फांदी लावून वाढवतात. बियांपासूनच सुगंधी फुलझाड हवं असेल, तर गुलबक्षीइतकं सोपं दुसरं नाही. मूळची अमेरिका खंडातली ही बाई दुपारी 4 नंतर उमलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. वास खरं तर निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो. आपल्याला तो फुकटात मिळतो.

फूल गळलं की तळाशी सुरकुतलेलं काळं बी दिसतं. रात्रभर पाण्यात भिजवा, सुमारे 1 सेंमी खोल पेरा, कुंडी उन्हात ठेवा. साधारण 8 ते 15 दिवसांत कोंब येतो, दोन-तीन महिन्यांत फुलं. झाड वाळलं तरी उपटून टाकू नका. जमिनीतलं जाड मूळ पुन्हा फुटतं. रंगाची मात्र खात्री नाही. लाल-पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी निघू शकते.

आता महत्त्वाचं. हे बी मिऱ्यासारखंच दिसतं, पण विषारी आहे. मूळही तसंच. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात. त्यामुळे जमवलेलं बी मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. डबीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कुणी चुकून खाल्लंच, तर थेट डॉक्टरांकडे.